धुरपदाक्काच्या दारचा नळ

आमलखेड्यात पाहुणा आला की पाणी धुरपदाक्काच्या घरचं. असा काही ठराव झालेला नव्हता, पण रिवाज पडून गेला होता. गावात विहिरी दोन, आणि दोन्ही मचूळ. त्या पाण्यात तुरीची डाळ तीन तास रटरटली तरी दाणा वेगळाच राहायचा आणि साबणाला फेस म्हणून येत नसे. पिण्याचं पाणी आणायचं ते नाल्याकाठच्या गोड्या विहिरीवरून. आणत सगळ्याच बायका, पण धुरपदाक्का ते दोनदा गाळून घ्यायची, वाळ्याची जुडी घातलेल्या माठात ठेवायची आणि चिंचेने घासलेल्या पितळी तांब्यातून द्यायची. मग सोयरीक बघायला आलेली मंडळी असोत की सावद्याहून केळीचा सौदा करायला आलेला व्यापारी असो, कुणीतरी म्हणायचंच, "अक्काना घरथून तांब्या लई ये."

पाणी पिऊन झालं की पाहुणा विचारी, पाणी कुठलं हो. तेव्हा ओट्यावर बसलेला तिचा नवरा वनाआबा तळहातावर तंबाखू मळता मळता सांगे, "आमनाच घरनं शे." लग्नाला चाळीस वर्षं झाली, वनाआबाने एकदाही त्या विहिरीवरून घागर आणली नव्हती. पाण्याचा मोठेपणा मात्र त्याने कधी दुसऱ्याला घेऊ दिला नाही. त्याच्या उजव्या अंगठ्याच्या कडेला चुन्याची पांढरी रेघ कायमची बसली होती. दिवसभरात त्या अंगठ्याला जेवढं काम पडे, तेवढं त्याच्या बाकीच्या अंगाला पडत नसे.

धुरपदाक्काच्या अंगठ्याची गोष्ट वेगळी. तेराव्या वर्षी लग्न होऊन आली आणि तिसऱ्या दिवशी सासूने डोक्यावर चुंबळ ठेवून घागर दिली. पुढे एका उन्हाळ्यात विहिरीचं पाणी फार खोल गेलं होतं, भरलेली बादली निसटली आणि दोर हातातून सरसरत गेला. उजव्या अंगठ्याला आडवी चीर पडली, ती भरली, पण वण राहिला. अंगठा दाबला की ठसा दोन तुकड्यांत उमटतो. सोसायटीतला कारकून म्हणायचा, अक्काचं नाव लिहायची गरज नाही, ठसाच ओळखू येतो.

तिच्या मनात नळ शिरला तो सावद्याला, धाकट्या बहिणीच्या घरी. बहीण दारातच नळाखाली भांडी घासत होती आणि नळ चालू ठेवून शेजारणीशी बोलत होती. धुरपदाक्काने तो बंद केला. मग पुन्हा सुरू केला. पुन्हा बंद केला. बहीण म्हणाली, बाई, आटे जातील त्याचे. त्या दिवसापासून अक्काला दुसरं काही नको होतं. डावा गुडघा तेव्हाच कुरकुरायला लागला होता. गुडघा पुरता बसायच्या आत दारात नळ यावा, एवढीच तिची मागणी होती, आणि ती तिने देवाकडे केली, तशीच सरपंच रुपचंदनानाकडेही केली. देव काही बोलला नाही. नाना मात्र लगेच हो म्हणाले, कारण हो म्हणायला त्यांना कधीच जड गेलं नाही.

सरकारने तेव्हा ठरवलंच होतं की खेड्यापाड्यात प्रत्येक माणसाला दिवसाला चाळीस लिटर शुद्ध पाणी द्यायचं. चाळीस का आणि बेचाळीस का नाही, हे ठरवणाऱ्यांनी घागर उचलून बघितली होती की नाही, ते कळायला मार्ग नाही. पण मंजुरी यायची असेल तर आधी पाहणी व्हायला हवी. त्र्याऐंशी सालच्या उन्हाळ्यात पाहणीला एक वयस्क साहेब आले. नानांनी त्यांना चावडीवर गादी घातली आणि गावातल्या पाण्याचे हाल तासभर ऐकवले. साहेब घामाघूम झाले. म्हणाले, थोडं पाणी मिळेल का. आणि गावाने, गेली चाळीस वर्षं जे केलं तेच केलं. कुणीतरी धावत जाऊन धुरपदाक्काचा तांब्या आणला.

साहेबांनी एक तांब्या रिकामा केला. मग दुसरा मागितला. असं पाणी जिल्ह्याच्या गावालाही मिळत नाही, असं ते म्हणाले आणि गाव सुखावलं. अक्काला तर त्या दिवशी जेवणच गोड लागलं. दीड महिन्याने कागद आला. त्यात लिहिलं होतं की आमलखेडे येथे पिण्याचे पाणी उत्तम दर्जाचे व मुबलक उपलब्ध असल्याची खात्री प्रत्यक्ष चाखून करण्यात आली आहे, सबब योजनेची आवश्यकता दिसून येत नाही.

आता एवढ्यावर गावाने कपाळावर हात मारून स्वतःला दोष द्यायला हवा होता. पण स्वतःला दोष देणारं गाव अजून वसायचं आहे. सगळं खापर धुरपदाक्काच्या माठावर फुटलं. ज्या बायका तिच्याबरोबर घागरी वाहत, त्याही आठवडाभर तिच्याशी बोलल्या नाहीत. वनाआबा ओट्यावरून येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायचा, "मी तिले सांगेल व्हतं." काय सांगितलं होतं ते कुणी विचारलं नाही. अक्काला फार लागलं ते. पाणी चांगलं ठेवणं हा गुन्हा होऊ शकतो, हे तिला कुणी आधी शिकवलं नव्हतं.

नाना हार मानणारे नव्हते. त्यांनी तालुक्याच्या ऑफिसात ओळख काढून नियम विचारून घेतला. पाणी गावापासून सोळाशे मीटरच्या पलीकडे असेल तर योजना मिळते. अलीकडे असेल तर बायकांनी चालावं, असं सरकारचं मत होतं. गोडी विहीर पायवाटेने चौदाशे मीटर भरत होती. म्हणजे अक्का रोज चार खेपा घालत होती, पण दोनशे मीटर कमी चालत होती, आणि त्या दोनशे मीटरपायी तिची तहान सरकारच्या हिशेबात बसत नव्हती.

शहाऐंशीच्या मे महिन्यात पुन्हा पाहणी ठरली. आदल्या दिवशी नानांनी चावडीवर गाव जमवून दोन गोष्टी पक्क्या केल्या. पहिली ही की साहेबाला विहीर दाखवायला धुरपदाक्का जाईल, पण पायवाटेने नाही; मोठा बांध धरून, नानांच्या केळीच्या मळ्याला वळसा घालून जाईल. दुसरी गोष्ट सांगताना नानांनी आवाज चढवला.

"सरकारी मानूसले कोनी पानी देवानं नही. च्या चाली, पानी नही."

धुरपदाक्का बायकांमध्ये मागे बसली होती. ती म्हणाली, "नाना, दारवर येल मानूसले पानी नही देवानं, हाई कसं?"

"तुले नय पाहिजे का नको, अक्का?"

नळ तर तिला हवाच होता.

या वेळचा साहेब तरुण होता. खैरनार त्याचं नाव, ओव्हरसियर, धुळ्याकडचा, नोकरीला नवा, त्यामुळे अजून कामावर विश्वास ठेवणारा. नानांनी त्याला मुद्दाम साडेअकरापर्यंत बसवून ठेवलं आणि तीन वेळा चहा पाजला. चहा गोड होता, इतका की मे महिन्यात त्याने तहान भागायच्या ऐवजी वाढावी. मग बाराच्या उन्हात अक्का घागर घेऊन पुढे आणि खैरनार मागे, असे निघाले. प्रत्येक शंभर पावलांना तो डाव्या खिशातला एक खडा उजव्या खिशात टाकायचा. बांध, केळीचा मळा, नाल्याचं वळण करत विहीर आली तेव्हा उजवा खिसा लोंबत होता आणि साहेबाचा शर्ट पाठीला चिकटला होता. अक्काने पाणी शेंदलं, घागर भरली. तो बघत होता. त्याने मागितलं नाही, कदाचित बाईमाणसाच्या घागरीतलं पाणी मागायला लाजला असेल. तिने दिलं नाही.

परत येताना निंबाखालच्या विसाव्याजवळ तो थांबला. त्या विसाव्यावर एक छातीइतका उंच दगड आहे. बायका न वाकता त्यावर घागर टेकवतात. खैरनारने त्या दगडाला हात लावला आणि पाय दुमडून तो खालीच बसला. चेहरा पांढरा पडला होता, ओठ सुकून चिकटले होते. धुरपदाक्का डोक्यावर घागर घेऊन उभी. तिच्या डोळ्यांपुढे सावद्याचा नळ आला. त्र्याऐंशीचा कागद आला. बायकांचा आठवडाभराचा अबोला आला. एवढं सगळं येऊन जायला फार वेळ लागला नाही. तिने घागर दगडावर टेकवली.

"प्या भाऊ. ओंजय करा."

तो प्यायला. घागर निम्मी झाली. तोंडावर, मानेवर पाणी मारून झाल्यावर त्याचा रंग परत आला. आणि आता नळ तर गेलाच आहे, मग खोटेपणा कशाला अंगावर ठेवा, असं वाटून अक्काने वाटेचंही खरं सांगून टाकलं.

"आपू फेरानी वाटथून उनूत, भाऊ. पायवाट जोडेनी शे."

खैरनारने उजव्या खिशातले खडे चाचपले. मग म्हणाला, "अक्का, दिवसातून किती खेपा होतात?"

"चार. पाव्हना उना तं पाच."

त्याने खडे मोजले, वहीत साडेसतराशे मीटर लिहिलं आणि खाली शेरा मारला की गावातील महिलांना पाण्यासाठी होणारा त्रास प्रस्तुत कर्मचाऱ्याने स्वतः अनुभवला असून त्यास उष्माघातसदृश भोवळ आली. या शेऱ्यावर फाइल वर गेली आणि चार महिन्यांत मंजूर होऊन खाली आली. चाळीस वर्षं बाई चालली ते कुठल्या कागदावर चढलं नव्हतं. सरकारी माणूस एकदा चालला आणि खाली बसला, तेव्हा अंतर भरलं.

मंजुरीच्या पेढ्यांबरोबर नानांचा सत्कार झाला. साहेबाला पाणी दिल्याचं अक्काने कुणाला सांगितलं नाही आणि खैरनारनेही नाही. तिला तो तेव्हापासून घरचा माणूस वाटायला लागला.

काम सुरू झालं तेव्हा मजूर गोड्या विहिरीपासून गावापर्यंत चर खोदत होते ते बांधाच्या कडेने, केळीच्या मळ्याला वळसा घालून. धुरपदाक्काने विचारलं, पायवाटेने का नाही, पाइप कमी लागेल. कंत्राटदाराच्या माणसाने नकाशा दाखवला. फायलीत वाट जी मोजली आहे तिच्यावरूनच पाइप जायला हवा. वाट एक आणि पाइप दुसरीकडे असं झालं तर तपासणीत कोण उत्तर देणार. अक्काला स्वतःचीच पावलं जमिनीखाली पुरलेली दिसली. ज्या वळणाने तिला नळ मिळवून दिला, त्याच वळणाने तो जाणार होता. मळ्याशी जमीन चढाची, म्हणून नेमका तिथे पाइपातली हवा सोडायचा व्हॉल्व्ह बसवला. नाना रोज उभे राहून काम बघत. एवढी आस्था त्यांनी शाळेच्या खोलीबद्दल कधी दाखवली नव्हती.

एकोणनव्वदच्या दिवाळीआधी अक्काच्या दारात नळ आला. तिचं घर पाइपाच्या शेवटच्या टोकाला. तिने नळाला हळदकुंकू वाहिलं, नारळ फोडला. पाणी आलं तेव्हा तिने नळ सुरू केला, बंद केला, सुरू केला, बंद केला. वनाआबा त्याखाली अंघोळीला बसला आणि सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं म्हणाला की आता कसं सुख झालं, फार हाल काढले. अकरा दिवस अक्का विहिरीवर गेली नाही. अकरा दिवस तिने मधल्या वेळेत काय करावं हे न कळून घर तीनदा सारवलं.

बाराव्या दिवशी नळ खाकरला आणि गप्प झाला. मळ्याजवळच्या व्हॉल्व्हचा नट कुणाच्या तरी पान्याने ढिला झाला होता. कुणाच्या, ते सगळ्या गावाला ठाऊक होतं, म्हणूनच कुणी बोललं नाही. नानांची केळी त्या वर्षी अशी झाली की सावद्याचे व्यापारी घड हाताळून हाताळून बघत. मधल्या घरांना पहाटे थोडं पाणी येई. अक्काच्या नळातून फक्त हवा. पुन्हा चुंबळ, पुन्हा पायवाट, आणि आता डाव्याबरोबर उजवा गुडघाही.

ती चोपड्याच्या बाजाराला गेली की वाट वाकडी करून तिथल्या ऑफिसात खैरनारला गाठायची. त्याने तिला खरं ते सांगितलं. "अक्का, शेवटच्या टोकाच्या घराचा अंगठा लागल्याशिवाय योजना पुरी झाली असं म्हणता येत नाही. तोवर दुरुस्ती आमच्याकडे. एकदा अंगठा लागला की योजना पंचायतीच्या ताब्यात, मग जे काही ते सरपंच बघतील." हे तिने पक्कं गाठीला बांधलं. व्हॉल्व्ह बंद होऊन दारात पाणी येईपर्यंत अंगठा द्यायचा नाही. आयुष्यात पहिल्यांदा तिच्या हातात असं काही होतं जे सरकारला हवं होतं.

एक्क्याण्णवच्या एप्रिलमध्ये जीप तिच्या दाराशी थांबली. खैरनार उतरला. पाच वर्षांत त्याचं पोट सुटलं होतं आणि खिशात खड्यांऐवजी दोन पेनं आली होती. बरोबर नाना. हातात छापील फॉर्म, शाईचं पॅड. मार्चअखेर होऊन गेला होता, जिल्ह्यातल्या सगळ्या योजना पुऱ्या झाल्याचं वर कळवायचं होतं, आणि आमलखेड्याचा एक अंगठा राहिला होता.

अक्काला मात्र माणूस आल्याचा आनंद झाला. खाट टाकली. तांब्या घेऊन माठाशी गेली तर माठाच्या तळाशी चार बोटंही पाणी नव्हतं. सकाळी गुडघ्यामुळे एक खेप चुकली होती. बाहेर येऊन तिने सगळ्यांसमोर नळाची तोटी फिरवली. नळ खाकरला. नाना छपराकडे बघू लागले.

"बसा भाऊ, पानी लई येस," ती म्हणाली आणि घागर-दोर घेऊन निघाली.

खैरनारला नेमकं ठाऊक होतं ती किती लांब चालली आहे. वाटेने ती मनात बोलणं जुळवत होती. पाणी द्यायचं, मग सांगायचं: आधी व्हॉल्व्ह, मग अंगठा. तो ऐकेल. त्याला वाट माहीत आहे, तो या निंबाखाली बसला होता. घागर भरताना तिने दोर दोन्ही हातांनी ओढला, गुडघा चमकला, तरी त्या दिवशी ते ओझं तिला हलकं लागलं. ज्याच्यासाठी पाणी न्यायचं तो आपल्या बाजूचा आहे, असं वाटत होतं.

परत यायला तिला सव्वा तास लागला. खैरनार खरोखरच बसून होता. नाना घड्याळ बघून कंटाळले होते, ड्रायव्हरने दोनदा हॉर्न वाजवला होता, तरी तो उठला नव्हता. तिने गाळून तांब्या भरला. त्याने तो एका दमात संपवला, पण या खेपेला त्याने तिच्याकडे बघितलं नाही.

"आते सांगा, कागदनं काय," ती खाली बसत म्हणाली.

"झाया ना अक्का," नाना म्हणाले. "वनाआबानी दिन्हा अंगठा."

"फॉर्मवर कुटुंबप्रमुखाचा अंगठा मागितलाय, अक्का," खैरनार तांब्याकडे बघत म्हणाला. "नियमाने तोच चालतो. वरून फार घाई आहे."

वनाआबा ओट्यावर होता. शाई लागलेला अंगठा धोतराला पुसत तो म्हणाला, "तू नही व्हती ना घरमा."

धुरपदाक्काने फॉर्म हातात घेतला. नळास नियमित व पुरेसे पाणी येते, असं त्यावर छापलेलं होतं, ते तिला वाचता येत नव्हतं. पण त्याखालचा ठसा तिला वाचता आला. गोल, अखंड, कुठे चीर नाही, आणि एका कडेला चुन्याने शाई धरली नव्हती तेवढी पांढरी रेघ. 

"भाऊ," ती खैरनारला म्हणाली, "हाऊ अंगठा तंबाखू मयनारा शे. पानी भरनारा नही."

खैरनारने कागद घेऊन फायलीत ठेवला. अक्का उठली. जीपमध्ये ड्रायव्हर बसला होता, त्यालाही पाणी द्यायचं राहिलं होतं. त्याला तांब्या भरून दिला. तो प्यायला, जीप गेली. मग ती घरात येऊन उरलेलं पाणी माठात ओतत होती, तेव्हा वनाआबाने ओट्यावरून नेहमीसारखा तांब्यासाठी हात पुढे केला. अंगठा अजून जांभळाच होता. त्या हातात तिने विहिरीचा दोर ठेवला.